दाभणाने शिवलेली कादंबरी

माझ्या फायलींना कुणी कधी नावं ठेवली नाहीत. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात मी सगळी नोकरी काढली, सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, आणि माझ्या हाताखालून गेलेल्या फायलीतलं पान ऐनवेळी सापडलं नाही असं एकदाही घडलं नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. खरं म्हणजे मिरवायलाच सांगते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी चांगलीच शोभा व्हायची आहे. तेव्हा आधी थोडं स्वतःबद्दल बरं बोलून घेते.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या आमच्या सोसायटीत माझ्या बरोबर वरच्या मजल्यावर एक लेखिका राहायच्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायचे. नवऱ्याच्या बदलीमुळे त्या दिल्लीत आल्या, नवरा लवकर गेला, आणि मग त्यांनी इथल्याच एका सरकारी कचेरीत कारकुनी करून एकुलत्या एका मुलाला वाढवलं. कथा-कादंबऱ्या लिहिल्या त्या जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी. तिकडे महाराष्ट्रात त्यांची पुस्तकं लोक कपाटात जपून ठेवत. इकडे सोसायटीत त्या फक्त 'पाचव्या मजल्याची आंटी' होत्या, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. मी त्यांच्या कथा कॉलेजात असल्यापासून वाचत आले होते. त्याच बाई माझ्या डोक्यावर राहतात हे कळलं तेव्हा मी आठ दिवस जिन्यात भेटले तरी बोलले नव्हते. मग त्यांनीच एकदा दार उघडून म्हटलं, "या साहेब. कारकुनाच्या घरी चहा चालेल ना?" तेव्हापासून मी साहेबच राहिले.

त्यांची लिहायची पद्धत वेगळी होती. कोरा कागद त्यांना चालायचा नाही. पाठकोरे कागद लागायचे. कचेरीतली जुनी परिपत्रकं, मुलाच्या शाळेच्या नोटिसा, लग्नपत्रिका, काहीही. एक प्रकरण मनासारखं झालं की त्याचे सगळे कागद जुळवायचे आणि डाव्या कडेला दाभणाने गोधडीचा जाड दोरा घालून शिवून टाकायचे. मी एकदा म्हटलं, "ताई, फायलीचे टॅग आणून देते की. आमच्याकडे ढीग पडलेत."

"टॅग काय, बोटाने निघतो," त्या म्हणाल्या. "शिवलेलं उसवायला जीव लागतो. तेवढा जीव लागला तरच बदल करावा माणसाने."

मी मान डोलावली. मनात म्हटलं, लेखक मंडळींचं काही सांगता येत नाही.

ताई लिहायला बसल्या की मोबाइल कपाटात जायचा आणि बेलचा खटका बंद. मी सोसायटीच्या कमिटीत, आणि माझ्याकडे पाण्याचं खातं. टाकी साफ व्हायची असली, मोटर बिघडली, टँकर उशिरा यायचा असला की बाकी सगळ्यांना ग्रुपवर मेसेज जायचा, आणि ताईंसाठी मी एक मजला चढून दाराखालून चिठ्ठी सरकवायची. वर तारीख, खाली सही. तारखेशिवाय मला वाण्याची यादीसुद्धा लिहिता येत नाही. अशा किती चिठ्ठ्या त्या दाराखालून गेल्या याचा हिशेब नाही.

शेवटच्या दोन वर्षांत त्या एक कादंबरी लिहीत होत्या. दिल्लीत कारकुनी करून निवृत्त झालेली एक बाई गावी परत जायला निघते, एवढीच गोष्ट. ती जाते की नाही, यावर आमची चहावर वादावादी चालायची. ताईंनी मला तीन वेगवेगळे शेवट वाचून दाखवले. एकात बाई जाते. एकात गाडीतच जीव सोडते. तिसरा दिवाळीच्या सुमारास वाचला, त्यात ती स्टेशनवरून परत येते आणि कुणाला सांगत नाही. मी प्रत्येक वेळी तणतणले. "जाऊ द्या हो तिला. जन्मभर राबलीय. आता तरी आपल्या माणसांत जाऊ द्या." माझी पुण्याची बहीण दर आठवड्याला फोनवर मला हेच सांगत असते, त्यामुळे हा विषय मला जरा झोंबायचा. ताई माझ्याकडे बघून नुसत्या म्हणायच्या, "बघू."

होळीच्या आधी त्या हॉस्पिटलात गेल्या आणि परत आल्या नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचा मुलगा गुरुग्रामहून आला. चांगला मुलगा. मोठ्या कंपनीत आहे, बोलायला मऊ. दिल्लीतल्या एका मोठ्या ग्रंथालयाने ताईंचे सगळे कागद कायमचे जपायला मागितले होते आणि जाताना ताईंनीही होकार दिला होता. कागदांचे सात खोके. तो खोक्यांकडे बघत म्हणाला, "मावशी, मला मराठी वाचायला खूप टाइम लागतो. अच्छा वाटत नाही सांगायला. तुम्ही जरा प्रॉपर लावून द्याल का? आईच्या एवढं जवळचं इथे दुसरं कोण होतं?"

मला काय वाटलं म्हणून सांगू. ज्या बाईंच्या कथा मी वसतिगृहात उशीखाली ठेवल्या होत्या, त्यांचे कागद माझ्या हातात. आणि काम कोणतं, तर कागद लावण्याचं. म्हटलं, आपला जन्म याचसाठी होता.

पंधरा दिवस मी दुसरं काही केलं नाही. आधी ब्लेड घेऊन सगळे दोरे कापले. शिवलेला कागद फायलीत नीट बसत नाही. मग डायनिंग टेबलावर वर्गवारी केली. पत्रांत पत्रं, कथांत कथा, कादंबरी वेगळी. दोन भोकांच्या पंचिंग मशीनने प्रत्येक कागद पंच केला, हिरव्या टॅगात ओवला आणि उजव्या कोपऱ्यात लाल शाईने पानाला नंबर घातला. शेवटाचे तीन पर्याय कादंबरीच्या फायलीत अखेरीस लावून त्यांना क, ख, ग असे फ्लॅग लावले. गठ्ठ्यांतून माझ्या पाण्याच्या चिठ्ठ्याही बऱ्याच निघाल्या. ताईंनी त्या खुणेला घातल्या असतील असं समजून मी त्या पटापट बाजूला केल्या. एवढ्या मोठ्या लेखिकेच्या कागदांत 'मोटर दुरुस्तीला गेली आहे' कशाला? लाज वाटली मला. फाडल्या मात्र नाहीत. मंजुरीशिवाय कागद नष्ट करायचा नसतो. एका फोल्डरमध्ये घालून त्यावर 'इतर, असंबद्ध' असं लिहिलं आणि फोल्डर माझ्याच कपाटात ठेवला.

बावीस फायली झाल्या. नजर लागावी अशा. मुलाने गाडीतून पोचवल्या आणि मी ऐटीत शेजारी बसले.

ग्रंथालयात वाचनकक्षाच्या दाराशीच माझी दोन्ही पेनं काढून घेतली. आत फक्त पेन्सिल चालते म्हणे. मला तो नियम फार आवडला. कागद सांभाळायच्या विभागाची प्रमुख एक पस्तिशीची बाई होती, पानिपतची. केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. तिने पहिली फाईल उघडली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग तिने लाल नंबरावर बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"आंटीजी, ये नंबर किसने डाले?"

"मैंने," मी म्हटलं. "सब मैंने किया है. पूरे बाईस."

तिने फाईल मिटली. सरकारात इतकी वर्षं काढल्यावर फाईल मिटण्याची तऱ्हा मला कळते. ती शाबासकीची नव्हती.

नंतर तिने अगदी हळू, एका शब्दानेही न दुखावता सांगितलं. लेखकाचे कागद जसे येतात तसेच ठेवायचे असतात. कशाला काय जोडलं होतं, कशात काय खुपसलं होतं, कशावर काय होतं, ते सगळं त्या लेखकाचंच लिहिणं असतं. "ये धागे उन्होंने ख़ुद बाँधे थे ना? तो वो भी उन्होंने ही लिखा था, समझिए." मग तिने कादंबरीची फाईल उघडली आणि विचारलं की या तीन शेवटांतला कोणता शेवट कादंबरीला शिवलेला होता.

माझी पाचावर धारण बसली. ते मला माहीत नव्हतं. दोरे तर मीच कापले होते, आणि कापताना एकदाही बघितलं नव्हतं. 'शिवलेलं उसवायला जीव लागतो' हे मला तोंडावर सांगून गेलेल्या बाईचं सगळी शिवण मी दोन दिवसांत ब्लेडने उसवली होती.

मुलगा म्हणाला, "मावशी, जाऊ द्या ना. तुम्ही मुद्दाम थोडंच केलं." पण गाडीत बसल्यावर तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आईने शेवटी काय ठरवलं होतं ते कळलं असतं, तर..." आणि तेवढ्यावरच थांबला. कादंबरी छापायला एक प्रकाशक तयार होता, पण शेवट कोणता ते आपण ठरवणार नाही, असं त्याने स्पष्ट कळवलं होतं. ग्रंथालयाच्या यादीत त्या कादंबरीपुढे 'अपूर्ण' असं लिहिलं जाणार होतं. ताईंनी ती पुरी केली होती. अपूर्ण मी केली होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी मी त्या पानिपतच्या बाईला फोन केला. म्हटलं, "मुझसे बिगड़ा है, मैं ही ठीक करूँगी. बैठने देंगी?"

ती म्हणाली, "पेन घर पे छोड़ के आइए."

मग मी दर मंगळवारी आणि गुरुवारी मेट्रोच्या ब्लू लाइनने जाऊ लागले. डबा घेऊन, ऑफिसला जायचे तशीच. मी मजकूर वाचून जुळवायला बघायचे. हे वाक्य त्याच्यापुढे येईल, हा प्रसंग त्याच्या आधी. पण तीनही शेवट त्यांच्या आधीच्या पानाला सारखेच जुळत होते. बाई बॅग भरून दाराशी उभी आहे. 'दाराखालून एक कागद सरकत आत आला' या वाक्यावर पान संपतं. पुढे काहीही येऊ शकतं. पहिल्या शेवटात तो कागद तिकिटाचा निघतो, दुसऱ्यात कुणाची तरी पत्रिका, तिसऱ्यात नुसतं वर्तमानपत्र.

तिसऱ्या आठवड्यात पानिपतच्या त्या बाईने माझ्या हातातलं पान घेतलं आणि उठून खिडकीशी नेलं. उन्हात धरलं. तिला मराठी कळत नव्हतं, त्यामुळे ती मजकूर बघतच नव्हती.

"देखिए," ती म्हणाली. "सुई के छेद."

डाव्या कडेला दाभणाची भोकं होती. माझ्या पंचिंग मशीनच्या दोन ढब्बू भोकांच्या आजूबाजूला बारीक बारीक, उजेडात चमकणारी. मी तीन आठवडे तीच पानं वाचत होते आणि एकदाही मला ती दिसली नव्हती. वाचता येणाऱ्याला अक्षरच दिसतं.

"हमारे घर में रजाई का काम है," ती सांगू लागली. "मम्मी आज भी भरती हैं. हाथ की सिलाई में दो टाँकों का फ़ासला कभी एक-सा नहीं आता. जो काग़ज़ साथ सिले थे, उनके छेद एक-दूसरे पर बैठेंगे. बाक़ी नहीं बैठेंगे."

पानिपतची मुलगी, आणि पानिपत झालं होतं माझं. पण त्या दिवसापासून मी तिच्यापुढे मनातल्या मनात हात जोडत आले आहे. तिने मला ना कधी टोमणा मारला, ना कधी घाई केली. एकेक पान ती दोन्ही हातांनी उचलायची, तान्ह्या मुलाला उचलतात तसं. आम्ही पानांवर पानं ठेवून भोकं जुळवत गेलो आणि ताईंचे गठ्ठे एकेक करून परत उभे राहिले.

आणि काय काय दिसलं त्यात. भोकांच्या ओळी मोजल्या तर एका कथेचं एक पान सात वेळा उसवून शिवलेलं होतं. सात वेळा. मला ती कथा तोंडपाठ आहे. ते पान वाचताना असं वाटतं की ताईंना ते एका दमात सुचलं असेल. एका प्रकरणात मधोमध मुलाच्या शाळेची फी भरायची नोटीस शिवलेली, आणि त्याच प्रकरणात आई मुलावर उगाच ओरडते. नवरा गेला त्या वर्षातला एकही लिहिलेला कागद नाही, फक्त त्या वर्षाच्या तारखांच्या नोटिसांचा एक शिवलेला गठ्ठा, कोऱ्या पाठींचा. काही न लिहिता शिवून ठेवलेला. मी माझ्या वर्गवारीत तो 'कोरे कागद, उपयोगात आणावेत' असा लावला होता. तो गठ्ठा परत जुळला तेव्हा मी वाचनकक्षातून उठून बाहेर गेले आणि नळावर तोंड धुऊन आले. इतकी वर्षं मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहिले, चहा प्यायले, वाद घातले, आणि त्या किती कष्टाने लिहितात हे मला माहीतच नव्हतं. एवढी मोठी बाई, आणि सगळं कसं हसतखेळत चाललंय असं दाखवायची.

शेवटी कादंबरीच्या त्या पानाची पाळी आली. उन्हात धरलं तर त्यावर भोकांच्या चार ओळी होत्या. पहिली ओळ 'क' शेवटाशी तंतोतंत बसली. दुसरी 'ख'शी. तिसरी 'ग'शी. म्हणजे तिन्ही शेवट त्यांनी एकेकदा शिवले होते आणि उसवले होते. चौथी ओळ कशाशीच बसेना. आम्ही बावीसच्या बावीस फायली पुन्हा उलथ्यापालथ्या केल्या. बसेना.

"एक पन्ना और था," ती म्हणाली. "छोटा होगा. छेद सिर्फ़ ऊपर के तीन हैं."

छोटा. मी मेट्रोत बसले तेव्हा माझ्या कानांत तोच शब्द होता, आणि द्वारका यायच्या दोन स्टेशनं आधीच मी उठून दाराशी उभी राहिले.

घरी आल्यावर चपला न काढता कपाट उघडलं. 'इतर, असंबद्ध'. एकेक चिठ्ठी खिडकीशी धरत गेले. बहुतेकींना भोकच नव्हतं. एकीला तीन होती. 'उद्या टाकी साफ होणार. दिवसभर पाणी नाही. बादल्या भरून ठेवा.' माझं अक्षर, माझी सही, आणि माझी तारीख. ताई हॉस्पिटलात गेल्या त्याच्या चार दिवस आधीची. मी चिठ्ठी उलटली. आधी कधीच उलटली नव्हती, कारण स्वतःची चिठ्ठी कोण उलटून बघतं? मागे फिक्या पेन्सिलीने, ताईंच्या बारीक अक्षरात, तीन ओळी होत्या.

गुरुवारी मी मुलालाही बोलावून घेतलं. पानिपतच्या बाईने चिठ्ठी त्या पानावर ठेवली आणि खिडकीशी धरली. तिन्ही भोकांतून ऊन आरपार आलं. ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मग तिने पेन्सिलीने आपल्या यादीतला 'अपूर्ण' हा शब्द खोडला.

साऱ्या कादंबरीत माझा लाल नंबर नसलेलं तेवढं एकच पान आहे. आणि अक्षर मात्र त्याच पानावर माझं आहे.

"तुम्हीच वाचा, मावशी," मुलगा म्हणाला. मी म्हटलं, नाही, तूच वाच, लागू दे टाइम. तो आधी समोरची बाजू वाचू लागला, शाळेतल्या मुलासारखा बोट फिरवत. मग त्याने कागद उलटला.

'तिने बॅग पलंगाखाली सरकवली आणि मोठी बादली नळाखाली लावली. मग दुसरी. या शहरात कुणीतरी तिला तारीख घालून कळवलं होतं.'

तो दोनदा वाचून थांबला. "म्हणजे ती गेली की नाही गावाला?"

"नाही रे," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना. "पाणी भरत राहिली इथेच."